बंदुकीवरचा न दिसणारा दिवा

आज नाइट व्हिजन म्हटलं की हेल्मेटला लावलेलं छोटं यंत्र डोळ्यांसमोर येतं. रायफलवर बसलेल्या पहिल्या दुर्बिणींना मात्र अंधारात आपणहून काहीच दिसत नसे. त्यांच्यासोबत दिवा लागायचा.

अवरक्त (इन्फ्रारेड) किरण खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने 1800 मध्येच शोधले होते. ते डोळ्यांना दिसतील असं साधन यायला 1934 उजाडलं. त्या वर्षी हॉलंडमधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत होल्स्ट आणि सहकाऱ्यांनी एक निर्वात नळी तयार केली. तिच्या एका टोकाला चांदी आणि सीझियमचा थर होता. त्यावर अवरक्त किरण पडले की इलेक्ट्रॉन सुटत, उच्च दाबाच्या विजेने वेग घेत आणि समोरच्या पडद्यावर आदळून हिरवट चित्र उमटवत. अमेरिकेत आरसीए कंपनीतही अशा नळ्यांवर काम चालू होतं.

पण अंधारात हे किरण समोरच्या दृश्यावर टाकायला दिवा लागे. दिवा साधा बल्बचाच, पुढे गडद काच. ती दृश्य प्रकाश अडवायची, अवरक्त तेवढा सोडायची. खरी अडचण विजेची होती. नळीला हजारो व्होल्ट लागत आणि ते बॅटरीतून काढायचे, म्हणजे सगळं ओझं सैनिकाच्या पाठीवर. जर्मनांची ‘व्हॅम्पायर’ ही दुर्बीण 1945 च्या सुरुवातीला स्टुर्मगेव्हेर 44 या रायफलवर मोजक्या संख्येने आली. दुर्बीण आणि दिवा मिळून सव्वादोन किलो, पण पाठीवरचा बॅटरीसंच 13-14 किलोंचा! एवढं वाहून दिसायचं ते शंभरेक मीटरपर्यंत.

अमेरिकनांनी त्याच वर्षी जपानच्या ओकिनावा बेटावर कार्बाइन या आखूड रायफलवर ‘स्नायपरस्कोप’ वापरला. नावात स्नायपर, म्हणजे दुरून नेम साधणारा, असला तरी पल्ला जेमतेम 60-65 मीटर. तरीही तिथे तो कामी आला, कारण जपानी सैनिक रात्री गुपचूप अमेरिकन फळीत शिरत आणि लढाई तेवढ्याच अंतरावर व्हायची. कोरियाच्या युद्धात सुधारित एम3 स्नायपरस्कोप आला. त्याची नळी 20,000 व्होल्टवर चाले आणि पल्ला सव्वाशे यार्डांवर गेला. धुकं किंवा पाऊस असला की मात्र दिव्याचा झोत उलटून डोळ्यांवर यायचा.

या पिढीचा मोठा दोष दिव्यातच होता. समोरच्याकडे तसलीच दुर्बीण असेल, तर दिवा लावणारा त्याला लख्ख दिसणार आणि तोही दिव्याच्या पल्ल्याच्या कितीतरी पलीकडून. सोव्हिएत सैन्याने 1950 च्या दशकात एके रायफलींवर अशा दुर्बिणी बसवायला सुरुवात केली, तेव्हा हा धोका कागदावरचा राहिला नाही. माझ्या मते दिवा काढून टाकण्याची निकड वजनापेक्षा या भीतीतून आली.

1960 च्या दशकात व्हिएतनाममध्ये आलेल्या ‘स्टारलाइट स्कोप’ने दिवा काढला. एकामागे एक जोडलेल्या तीन नळ्या चांदण्यांचा उजेडच हजारो पटींनी वाढवत. पण गुहेत, बंद खोलीत किंवा दाट झाडीखाली वाढवायला उजेडच नसतो. म्हणून आजच्या बहुतेक नाइट व्हिजन यंत्रांतही छोटा अवरक्त दिवा ठेवलेला असतो, गरजेपुरता लावून लगेच बंद करण्यासाठी.