पदावरील नेत्यावर वॉरंट : ‘संरक्षण’ या शब्दाची गुंतागुंत

सत्तेवर असलेल्या राष्ट्रप्रमुखाविरुद्ध युद्धगुन्ह्यांसाठी अटक वॉरंट निघाले की ‘त्याला पकडणार कोण’ याचीच चर्चा होते. अटकेला कायद्याची आडकाठी आहे काय, हा त्याआधीचा प्रश्न मात्र मागे पडतो. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन सम्राटावर खटला भरण्याची तरतूद व्हर्सायच्या तहात होती. नेदरलँड्सने त्याला सोपवण्यास नकार दिला आणि ती कागदावरच राहिली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणाने पदाचा बचाव अमान्य केला, पण टोकियोतील खटल्यात जपानच्या सम्राटाला आरोपीच केले गेले नाही.

खरा गुंता ‘संरक्षण’ या शब्दात आहे, कारण त्या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक संरक्षण व्यक्तीला असते : राष्ट्रप्रमुख, पंतप्रधान किंवा परराष्ट्रमंत्री पदावर असेपर्यंत परक्या देशाच्या न्यायालयाला त्यांना हात लावता येत नाही, आरोप कितीही गंभीर असला तरी. दुसरे संरक्षण अधिकृत कृत्याला असते आणि ते पद गेल्यावरही टिकते. चिलीच्या माजी लष्करशहाला १९९८ मध्ये लंडनमध्ये अटक झाल्यानंतर ब्रिटनमधील न्यायाधीशांनी मार्च १९९९ मध्ये छळाच्या आरोपांपुरते नाकारले ते हे दुसरे संरक्षण. त्या निकालाचा दाखला पदावरील नेत्यांसाठीही सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. काँगोच्या परराष्ट्रमंत्र्यांविरुद्ध बेल्जियमने काढलेले वॉरंट २००२ मध्ये देशादेशांतील वाद ऐकणाऱ्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात बेकायदा ठरले ते पहिल्या संरक्षणामुळेच. मात्र अधिकारकक्षा असलेल्या ‘काही’ आंतरराष्ट्रीय न्यायालयांपुढे असा खटला चालू शकतो, अशी वाट त्याच निकालाने मोकळी ठेवली.

व्यक्तींवर खटले चालवणारे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्यातून उभे राहिले त्या १९९८ च्या रोम कराराच्या बाजूने १२० देशांनी मत दिले, ७ विरोधात गेले आणि भारतासह २१ तटस्थ राहिले. या कराराचे कलम २७ पदाचे संरक्षण मानत नाही, तर परक्या देशाच्या संरक्षणाचा भंग होईल अशी अटक या न्यायालयाने सदस्य देशाकडे मागू नये, असे कलम ९८ सांगते. सुदान सदस्य नव्हता. तिथल्या डार्फर प्रांताचे प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००५ मध्ये या न्यायालयाकडे सोपवले होते. वॉरंट असतानाही सुदानचे राष्ट्राध्यक्ष २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आणि २०१७ मध्ये जॉर्डनमध्ये जाऊन सुखरूप परतले. जॉर्डनच्या प्रकरणात मे २०१९ मध्ये याच फौजदारी न्यायालयाच्या अपील पीठाने म्हटले की कोणत्याही आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे राष्ट्रप्रमुखांना संरक्षण देणारी रूढी कधी नव्हतीच. वाद होता जॉर्डनच्या पोलिसांनी सुदानच्या अध्यक्षांना पकडण्याचा, म्हणजे दोन देशांमधला. त्याचे उत्तर न्यायालयाच्या स्वतःच्या अधिकारातून काढणे, आणि तेही २००२ च्या निकालातील ‘काही’ हा शब्द जवळजवळ पुसून, ही उडी लांबचीच म्हणावी लागेल.

तरीही पुढची इमारत याच निकालावर उभी आहे. रशियाच्या अध्यक्षांविरुद्ध मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघाले. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांना अटक न करणाऱ्या मंगोलियाने करारभंग केल्याचा निष्कर्ष पुढच्याच महिन्यात निघाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलच्या पंतप्रधानांवर वॉरंट निघाले. एप्रिल २०२५ मध्ये हंगेरीने त्यांचे स्वागत करतानाच करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली. एखाद्या देशाच्या न्यायालयात मात्र पहिले संरक्षण कायम आहे : जुलै २०२५ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने सीरियाच्या माजी अध्यक्षांविरुद्धचे २०२३ चे वॉरंट रद्द केले, कारण वॉरंट निघाले तेव्हा ते अध्यक्ष पदावर होते. आता ते पदावर नसल्याने नवे वॉरंट काढता येईल, हेही त्याच निकालात नमूद आहे.