स्कूटरच्या स्टँडचा आवाज

देवगडकडची एखादी वाडी डोळ्यांसमोर आणा. पडवीत बसून एक बाई सुपात सुका जवळा निवडतेय. मारकुट्या नवऱ्याला सोडून माहेरी आली, त्याला आता तीन वर्षं झाली. बाहेर कुणीतरी स्कूटर स्टँडला लावतं. खट्ट! तिचा हात सुपातच थांबतो, छाती धडधडते, तळवे गार पडतात. आतून आई विचारते, "काय झाला गो?" तिचं तिलाही सांगता येत नाही.

हे वेड नव्हे, आणि बाधा तर नव्हेच. मेंदूत बदामाएवढा अमिग्डाला असतो. धोका दिसला की विचार पुरा व्हायच्या आधीच तो शरीराला वर्दी देतो. कुठली गोष्ट कुठे, कधी घडली हे लावून ठेवतो तो शेजारचा हिप्पोकॅम्पस. आणि जिवावर बेतलं असताना त्याचीच नोंद विस्कटते. मग आवाज पक्का लक्षात राहतो, पण त्याला तारीख चिकटत नाही. वासाचं तर आणखी अवघड. त्याची वाट अमिग्डालापर्यंत फार जवळची, म्हणून दारूचा एक भपकारासुद्धा पुरतो.

अशा त्रासाला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे उरणारा ताणाचा विकार, हे नाव 1980 साली मानसोपचाराच्या अमेरिकी नियमावलीत मिळालं. पुढे 2000 साली 77 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की माणूस आधी कसा होता यापेक्षा घाव किती मोठा होता आणि नंतर आधार मिळाला की नाही, याचं वजन काहीसं जास्त आहे. मला यातलं 'नंतर' फार मोलाचं वाटतं, कारण तेवढंच आपल्या हातात असतं.

आधार म्हणजे खोदून खोदून विचारणं नव्हे. घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेतल्याने त्रास टळत नाही, हे तपासून झालंय. "झाला ता झाला, विसर" हेही निरुपयोगी. विसरणं तिच्या हातात असतं तर ती कशाला थांबली असती? तिच्यावर विश्वास ठेवायचा, आणि बोलायचं कधी हे तिला ठरवू द्यायचं.

प्रशिक्षित समुपदेशक पुढे त्याच आठवणीकडे तिला सुरक्षित जागी, हळूहळू परत नेतो. जुनी भीती पुसली जात नाही. 'हा आवाज आता निरुपद्रवी आहे' ही नवी शिकवण त्या भीतीवर बसते. वाडीत कुणाची गोष्ट झाकून राहत नाही, त्यामुळे पहिलं बोलणं फोनवरच सोपं जातं: मनाच्या त्रासासाठी टेली-मानस 14416, मारहाण चालू असेल तर महिला हेल्पलाइन 181.

आणि तोवर आई पडवीत येऊन बसते, सूप स्वतःकडे ओढते आणि रस्त्याकडे बघून म्हणते, "शेजारचो बाळू इलो."