कोलेस्टेरॉलची मायसेल-विद्राव्यता चाचणी

अन्नातल्या प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, आतड्यात कोलेस्टेरॉल विरघळू देतात की अडवतात, हे परीक्षानळीत तपासण्याची पद्धत. मराठवाड्याच्या दृष्टीने तिचे महत्त्व सोयाबीनमुळे आहे. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव तेल आणि पेंडीवर ठरतो. दाण्यात तेल साधारण २० टक्के, प्रथिने मात्र ४० टक्क्यांच्या घरात. त्या प्रथिनांची खरी किंमत अशा चाचण्यांतूनच कळेल.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. आतड्यात पित्तक्षार आणि फॉस्फोलिपिड (फॉस्फरसयुक्त स्निग्ध पदार्थ) मिळून अतिसूक्ष्म गोळे बांधतात, त्यांना मायसेल म्हणतात. त्यात शिरूनच कोलेस्टेरॉल आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचते. मायसेलमध्ये जागा मिळाली नाही, तर ते शौचावाटे निघून जाते.

प्रयोगशाळेत हेच मायसेल टॉरोकोलेट (एक पित्तक्षार), फॉस्फॅटिडिलकोलिन (एक फॉस्फोलिपिड), ओलेइक आम्ल आणि कोलेस्टेरॉल घेऊन ७.४ सामूच्या द्रावणात बनवतात. पेंडीतून वेगळी काढलेली प्रथिने पेप्सिन किंवा ट्रिप्सिन या पाचक विकरांनी तोडून त्यात मिसळतात आणि नळी ३७ अंश सेल्सिअसला, बहुधा २४ तास, ठेवतात. मग अतिवेगवान सेंट्रिफ्यूजमध्ये गुरुत्वाच्या सुमारे १ लाख पट जोराने फिरवतात. सुटे पडलेले कोलेस्टेरॉल तळाशी बसते. वरचा नितळ द्रव पिपेटने अलगद उचलायचा. हात हलला आणि साका वर आला, की आकडा फसवा. द्रवात उरलेले कोलेस्टेरॉल मोजून पेप्टाइड न घातलेल्या नळीशी ताडतात.

जपानमधील सातोशी नागाओका यांच्या गटाने २००१ मध्ये दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनपासून मिळालेले पाच अमिनो आम्लांचे लॅक्टोस्टॅटिन हे पेप्टाइड मांडले. पुढे त्यांनीच सोयाबीनच्या ग्लायसिनिनमधून सहा अमिनो आम्लांचे सोयस्टॅटिन वेगळे केले. ते पित्तक्षाराला चिकटते. त्यात शेजारीशेजारी दोन ट्रिप्टोफॅन आहेत. पाण्यापासून दूर राहणारी अशी अमिनो आम्ले या कामी विशेष उपयोगी ठरतात.

नळीतला निकाल म्हणजे औषध नव्हे. पेप्टाइड पोटात टिकते का, पुरेसे पोचते का, हे प्राण्यांवर आणि माणसांवर पाहावेच लागते. त्यामुळे या भरवशावर कुणीही डॉक्टरांची गोळी बंद करू नये.

नमुना कच्चा की शिजवलेला, हे नोंदवणेही अत्यावश्यक. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात, त्यामुळे प्रथिने नीट तुटत नाहीत. ज्वारी-गव्हाच्या दळणात मूठभर सोयाबीन टाकण्याआधी ते उकळून वाळवावे, ते याच कारणाने.