डिस्प्ले घेण्याआधी

आर्डुइनोसारख्या छोट्या प्रोग्रॅमेबल बोर्डाला जोडायचा डिस्प्ले घ्यायला आमच्या दुकानात आलेले बहुतेक ग्राहक आधी आकार आणि रंग विचारतात. आम्ही मात्र विचारतो, बोर्ड कोणता आणि स्क्रीनवर नेमकं काय दाखवायचंय? एवढ्यावरच निम्मे पर्याय गळतात.

घड्याळ किंवा तापमान, म्हणजे नुसते आकडेच हवे असतील तर टीएम१६३७ चिपचं चार अंकी मॉड्यूल घ्या. लांबूनही स्पष्ट दिसतं आणि बोर्डाच्या दोनच पिना लागतात.

मजकूर हवा असेल तर १६×२ एलसीडी, म्हणजे सोळा अक्षरांच्या दोन ओळी. मागे आय-टू-सी (दोनच वायरींवरून निरोप पाठवणारा) अडॅप्टर जोडलेलाच घ्या, नाहीतर किमान सहा पिना त्यातच जातात. ‘खराब निघाला’ म्हणून परत येणारे बरेच एलसीडी ठणठणीत असतात. लाइट लागते पण अक्षरं उमटत नाहीत? अडॅप्टरवरचा छोटा निळा पोटेन्शिओमीटर (कॉन्ट्रास्टचा स्क्रू) स्क्रू-ड्रायव्हरने हळूहळू फिरवून पाहा. वरच्या ओळीत नुसते भरलेले चौकोन दिसत असतील, तर डिस्प्लेपर्यंत प्रोग्रॅमचा निरोपच पोचलेला नाही. वायरी तपासा, मग प्रोग्रॅममध्ये लिहिलेला अडॅप्टरचा पत्ता. तो हेक्स आकड्यांत बहुधा २७ (0x27) असतो, काही अडॅप्टरवर ३एफ (0x3F).

०.९६ इंची ओलेड (स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा डिस्प्ले) सगळ्यांना आवडतो, आम्हालाही. पण हिशोब करा. १२८×६४ ठिपक्यांचं एक चित्र १,०२४ बाइट खातं आणि आर्डुइनो ऊनो आर३ची रॅम आहे २,०४८ बाइट. सेन्सर, एसडी कार्ड वगैरे जोडत गेलात की प्रोग्रॅम मध्येच अडकतो आणि दोष स्क्रीनला लागतो. अशा वेळी चित्र तुकड्यातुकड्याने काढणारी यू८जी२सारखी लायब्ररी (तयार कोड) वापरा, नाहीतर मोठा बोर्ड घ्या. जोडण्याआधी पिनांवरची अक्षरं वाचा: काही मॉड्यूलवर पहिली पिन ग्राउंडची असते, काहींवर व्हीसीसीची (वीजपुरवठ्याची). १.३ इंची घेतलात तर त्यात बहुधा एसएच११०६ चिप असते; ०.९६ इंचीत बहुधा असणाऱ्या एसएसडी१३०६ चिपचा कोड त्यावर चालवला की कडेला कचरा दिसतो. एकच चित्र महिनोन्महिने दाखवायचं असेल तर ओलेड नको, सतत पेटलेले ठिपके मंदावतात.

रंगीत टीएफटी स्क्रीनला ऊनो आर३ पुरत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. २४०×३२० च्या एका चित्राला १,५३,६०० बाइट लागतात. ऊनोवर ते डोळ्यांदेखत वरून खाली भरत जातं. ईएसपी३२ हा जास्त वेगाचा, जास्त रॅमचा बोर्ड घ्या. शिवाय बऱ्याच टीएफटींचे सिग्नल ३.३ व्होल्टचे असतात, ५ व्होल्टच्या बोर्डाला मध्ये लेव्हल शिफ्टर (सिग्नलचं व्होल्टेज बदलणारं मॉड्यूल) लावा.

ई-पेपर (ई-बुक रीडरमध्ये असतो तसा कागदासारखा डिस्प्ले) उन्हात उत्तम दिसतो, वीज काढली तरी चित्र टिकतं. पण पूर्ण चित्र बदलायला काही सेकंद जातात, तीन रंगांच्या पॅनेलला त्याहून बरेच जास्त. सेकंद दाखवणारं घड्याळ त्यावर करू नका.

मराठी अक्षरं हवी असतील तर १६×२ विसरा. त्यात स्वतःची फक्त आठ चिन्हं बनवता येतात. ओलेड, टीएफटी किंवा ई-पेपर घ्या. तिथेही बहुतेक लायब्ऱ्या जोडाक्षरं आपोआप जुळवत नाहीत आणि ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या नंतर येऊन बसते. दाखवायचे शब्द ठरलेले असतील तर ते संगणकावर लिहून बिटमॅप चित्र म्हणून प्रोग्रॅममध्ये टाका.