तंबूचे दार कोणत्या दिशेला?

हिवाळ्यात केळशी, आंजर्ले किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर तंबू ठोकणारे बहुतेक जण संध्याकाळचा समुद्रवारा पाहून तंबूची पाठ पाण्याकडे करतात आणि दार गावाच्या बाजूला ठेवतात. त्या वेळेपुरते ते बरोबरही असते. मात्र जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते. सूर्यास्तानंतर काही तासांत जमिनीवरील हवा समुद्रावरील हवेपेक्षा थंड आणि जड होते, दिवसाचे खारे वारे थांबतात आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहू लागतात. या ऋतूत मोठ्या प्रदेशावरचे वारेही ईशान्य-पूर्वेकडून येत असल्याने मतलई वाऱ्यांना जोर मिळतो, आणि नदी किंवा खाडी जेथे समुद्राला मिळते तेथे डोंगरउतारांवरून घरंगळलेली थंड हवा खोऱ्यातून वाहत येऊन त्यात भर घालते. पहाटे हा वारा गावाकडे तोंड केलेल्या दारातून सरळ आत शिरतो. म्हणून मुक्कामाच्या तंबूचे दार समुद्राकडे असावे, संध्याकाळी थोडी गैरसोय झाली तरी चालेल.

दापोलीसारख्या उंचावरील गावी पारा कधीकधी १० अंशांखाली उतरतो, पण ऐन किनाऱ्यावर तो १५ अंशांच्या फार खाली क्वचितच जातो. तरीही तेथे हुडहुडी भरते, कारण थंडी केवळ हवेच्या तापमानावर ठरत नाही. झोपलेले शरीर साधारण ८० वॅट उष्णता निर्माण करते आणि ती त्वचेलगतच्या हवेच्या पातळ थराला ऊब देते. वारा हा थर सतत उडवून नेतो. गोधडी किंवा स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता देत नाही, ती केवळ हवेला जागच्या जागी थोपवून धरते.

नेमके याच कारणाने अंगाखालची बाजू सर्वांत दुबळी ठरते. शरीराच्या वजनाने बॅगेचा तळ चेपला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि उष्णता थेट वाळूत उतरते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओली वाळू कोरड्या वाळूपेक्षा कितीतरी अधिक उष्णता शोषते. वाऱ्यापासून आडोसा म्हणून खड्डा खणून त्यात तंबू लावण्याची हौस म्हणूनच टाळावी, कारण थोडे खणताच खालची ओल वर येते. महागड्या बॅगेवर खर्च करण्यापेक्षा खाली जाड फोमची चटई घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि भातकापणीनंतर गावात मिळणारा पेंढा तिच्याखाली पसरला तर उत्तमच, कारण त्याच्या पोकळ काड्यांत आणि काड्यांमधल्या फटींत भरपूर हवा अडकून राहते.

निरभ्र रात्री उष्णता आकाशाकडेही प्रारणाने निघून जाते. उघड्यावरच्या तंबूचे छत त्यामुळे भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि त्यावर दव साठते. काशीद किंवा गुहागर येथे आढळणाऱ्या सुरूच्या बनात हे नुकसान बरेच कमी होते, कारण डोक्यावरच्या फांद्यांचे तापमान हवेच्या जवळपास असते आणि त्यांच्याकडून काही उष्णता परत मिळते; शिवाय झाडे वाराही अडवतात. वाळलेल्या फांद्या तेवढ्या पाहून घ्याव्यात. माडाखाली मात्र कितीही आडोसा असला तरी झोपू नये, कारण नारळ पडताना पूर्वसूचना देत नाही.

ऊब टिकावी म्हणून तंबूच्या सर्व चेना घट्ट लावल्या, तर श्वासातली वाफ छताच्या आतल्या बाजूला थिजते आणि अंथरुणावर ठिबकते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूचा वरचा झरोका म्हणून उघडा हवाच. आत शेगडी किंवा निखारे ठेवणे तर जिवावरचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास, आणि झोपेत तो वायू भिनल्याचे कळतही नाही.

किनाऱ्यावर आणखी एक खास अडचण आहे, ती मिठाची. समुद्रात भिजलेले कपडे दुपारच्या उन्हात वाळल्यासारखे वाटतात, पण धाग्यांत मीठ उरलेले असते. हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांपलीकडे गेली की मीठ बाष्प शोषून पाझरू लागते, आणि कोकणात रात्री ही मर्यादा सहज ओलांडली जाते. अशा कपड्यांतले अवघे १०० ग्रॅम पाणी अंगावर सुकवायचे झाले, तरी त्यासाठी सुमारे २४० किलोज्यूल, म्हणजे झोपलेल्या शरीराने जवळपास ५० मिनिटांत निर्माण केलेली सगळी उष्णता खर्ची पडते. पोहताना वापरलेले कपडे गोड्या पाण्यात खळबळून बाहेर वाळत घालावेत आणि झोपण्याचा जोड वेगळाच ठेवावा, शक्यतो लोकरीचा, कारण लोकर वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत बाष्प शोषूनही अंगाला ओली लागत नाही.