अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात आरव्हीतून हिवाळा: ला पोसाचं परमिट कसं काढायचं?

अ‍ॅरिझोनातलं क्वार्टझसाइट हे जेमतेम अडीच हजार वस्तीचं गाव. थंडी सुरू झाली की अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांतून आणि कॅनडातून लोक आरव्ही, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, घेऊन इथे येतात आणि गावाबाहेरच्या माळावर महिनोन् महिने मुक्काम ठोकतात. ही जमीन केंद्र सरकारची आहे आणि ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंट, म्हणजे बीएलएम, तिचा कारभार पाहतं. दीर्घ मुक्कामासाठी बीएलएमने 1983 पासून ‘लाँग टर्म व्हिजिटर एरिया’ आखून दिले आहेत. गावाच्या दक्षिणेला हायवे 95 लगतचा ला पोसा हा त्यातला सर्वांत परिचित, सुमारे 11,400 एकरांचा. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे निवृत्त झालेल्या मराठी मंडळींनी या पर्यायाचा जरूर विचार करावा. इतक्या कमी पैशांत एवढं मोकळं आकाश दुसरीकडे मिळणं कठीण.

हंगाम 15 सप्टेंबर ते 15 एप्रिल. परमिट दोन प्रकारचं असतं: पूर्ण हंगामाचं आणि सलग 14 दिवसांचं. बरीच वर्षं यांचे दर अनुक्रमे 180 आणि 40 डॉलर होते. दर बदलू शकतात, त्यामुळे निघण्याआधी बीएलएमच्या युमा कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. 14 दिवसांचं परमिट पुन्हा पैसे भरून कितीही वेळा वाढवता येतं. वरच्या दरांनी हिशेब केला तर आठ आठवड्यांपर्यंत छोटं परमिट स्वस्त पडतं, त्यापुढे हंगामाचंच घ्यावं. हंगामाच्या परमिटवर इतर एरियांतही राहता येतं, म्हणजे ला पोसाचा कंटाळा आला तर युमाजवळच्या इंपीरियल डॅमला जाता येतं.

पात्रतेत वयाची किंवा नागरिकत्वाची अट आडवी येत नाही, आडवी येते ती टाकी. तुमच्या गाडीला सांडपाण्याची, कायमची बसवलेली, किमान 10 गॅलनची (सुमारे 38 लिटर) टाकी हवी. ती नसेल तर ला पोसात सार्वजनिक शौचालयापासून 500 फुटांच्या आतच मुक्काम करता येतो. व्हॅनमध्ये सुटं पोर्टेबल टॉयलेट ठेवून हा नियम पाळला जात नाही. जुनी गाडी विकत घेणार असाल तर सौदा पक्का करण्याआधी हे तपासाच. सांडपाणी जमिनीवर सोडायला सक्त मनाई आहे. ला पोसात डंप स्टेशन (टाकीतलं सांडपाणी रिकामं करायची जागा) आणि पिण्याचं पाणी दोन्ही आहे, त्यामुळे सबब सांगायला जागा उरत नाही.

अर्जाची प्रक्रिया अगदी साधी आहे. आगाऊ आरक्षण नाही, नंबर घातलेल्या जागाही नाहीत. प्रवेशावरच्या चौकीत थांबायचं, नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर द्यायचा, पैसे भरायचे. ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचं रजिस्ट्रेशन आणि विम्याचा कागद हाताशी असू द्या, शिवाय थोडी रोकड आणि चेकबुकही. मिळालेलं स्टिकर त्याच्याच गोंदाने पुढच्या काचेवर चिकटवायचं. ते दुसऱ्याला देता येत नाही. कॅलिफोर्नियाचं लायसन्स असलेल्यांनी एक लक्षात ठेवावं: 40 फुटांपेक्षा लांब मोटारहोम चालवायला तिथे वेगळ्या वर्गाचं लायसन्स लागतं.

भारतातून आलेले आईवडील सोबत असतील तर त्यांच्या आय-94 वरची, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीवरची, मुक्कामाची शेवटची तारीख आधी बघा. व्हिजिटर व्हिसावर साधारण सहा महिने मिळतात आणि हंगाम सात महिन्यांचा आहे. परमिटमुळे देशातला मुक्काम एका दिवसानेही वाढत नाही.

जागा निवडताना दोन गाड्यांमध्ये किमान 15 फूट अंतर सोडा. काळ्या खड्यांची सपाट, टणक जमीन दिसली की तिथे गाडी लावावी. वाळूचा कोरडा ओहोळ दिसायला सावलीचा आणि छान असतो, पण दूरच्या डोंगरावर पाऊस झाला तरी त्यात लोंढा येतो, तिथे मुळीच थांबू नका. मेस्किट, आयर्नवूड, पालो वर्दे या स्थानिक झाडांचं लाकूड जाळायला बंदी आहे, अगदी वाळलेलं असलं तरी. सरपण गावातून विकत आणा. जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, तेव्हा सरपण लागतंच. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची, म्हणजे जनरेटर बंद.

आधी अंदाज घ्यायचा असेल तर गावाच्या आसपास हाय जॉली, प्लोमोसा रोड, डोम रॉक अशा जागा फुकट आहेत. तिथे 28 दिवसांत 14 दिवस राहता येतं, पण पाणी आणि डंप स्टेशन मिळत नाही. हाय जॉली हे नाव एकोणिसाव्या शतकात अमेरिकी लष्करासाठी उंट हाकायला आलेल्या हाजी अलीचं. क्वार्टझसाइटच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर पिरॅमिड आहे आणि त्यावर धातूचा उंट. जरूर बघून या.

मध्येच मुलांकडे जायचं असेल तर गाडी पाच दिवसांपेक्षा जास्त रिकामी ठेवता येत नाही. त्याहून मोठी रजा हवी असेल तर अधिकाऱ्याची परवानगी निघण्याआधी घ्यावी लागते.