पक्षाघातानंतरचं दुखणं आणि थकवा : रुग्ण आणि घरच्यांसाठी माहितीपत्रक

आम्ही चौघं फिजिओथेरपिस्ट आहोत. पक्षाघात होऊन दवाखान्यातून घरी आलेल्या रुग्णांकडे जाऊन व्यायाम घेतो. पहिल्या भेटीत घरच्यांचा प्रश्न ठरलेला असतो, "चालायला कधी लागतील?" रुग्ण मात्र पलंगावरून भलतंच काहीतरी सांगत असतो. खांदा ठणकतोय. अंगात त्राण नाही. चालण्याच्या चर्चेत ते कुणाच्या कानावरच पडत नाही. आमचा अनुभव असा की पुढे व्यायाम अडतो तो बहुतेक वेळा याच दोन तक्रारींपायी. म्हणून हे पत्रक. रुग्णाच्या उशाशी ठेवू नका, स्वयंपाकघरात लावा. वाचायची गरज घरच्यांना जास्त आहे.

हा थकवा वेगळा असतो

शेतात राबून आलं की माणूस दमतो, जेवून झोपतो आणि सकाळी ताजा होतो. पक्षाघातानंतरचा थकवा या हिशेबात बसत नाही. रात्रभर झोप होऊनही सकाळी दात घासेपर्यंत माणूस गळून जातो. मेंदूचा काही भाग निकामी झालेला असतो आणि उरलेल्या भागाला तीच कामं नव्या वाटेने करावी लागतात. पूर्वी शर्टाचं बटण बोलता बोलता लागायचं. आता त्याच बटणाकडे टक लावून बघावं लागतं, बोटांना हुकूम द्यावा लागतो.

पक्षाघातातून उठलेल्या जवळपास निम्म्या लोकांना हा थकवा जाणवतो. झटका किरकोळ होता, हातपाय पूर्ण सुधारले, तरी तो मागे राहू शकतो. खरं तर अशाच माणसाची जास्त पंचाईत होते. "दिसायला तर ठणठणीत आहेत, मग दिवसभर लोळतात का?" हे वाक्य आम्ही इतक्या घरांत ऐकलंय की आता ते कोण बोलणार हेही आधी ओळखतो.

आमचे एक रुग्ण एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. उजवी बाजू गेलेली, पण बोलणं शाबूत. त्यांनी एकदा सुनेला सांगितलं, "आपल्याकडे नळाला पाणी किती वेळ येतं? पाऊण तास. पिंप भरलं की दिवसभर त्यातच भागवायचं. माझं तसं झालंय बघ. सकाळीच तू अंगण धुवायला काढलंस, तर संध्याकाळी प्यायला कुठून आणू?"

त्यांच्या घरी आम्ही सकाळी दहाला जायचो. तोवर अंघोळ, दाढी, देवपूजा, नाश्ता सगळं उरकलेलं असायचं. काका खुर्चीत मान टाकून बसलेले. दोन आठवडे आमच्या वहीत "रुग्ण सहकार्य करत नाही" अशी नोंद होत राहिली. चूक आमची होती. पिंप दहाच्या आधीच रिकामं होत होतं, त्यातलं निम्मं एकट्या अंघोळीत. मग अंघोळ दुपारी चारला नेली, तीही प्लास्टिकच्या स्टुलावर बसून. काकांना ते पटेना. पारोशा अंगाने देवाला हात कसा लावायचा? शेवटी काकूंनीच तोडगा काढला. सकाळी हातपाय धुऊन त्यांनी नुसतं देवापुढे बसायचं, पूजा मुलाने करायची. तिसऱ्या दिवसापासून काका आमच्याबरोबर पंधरा मिनिटं उभे राहायला लागले.

तुमच्या घरात पिंप कुठे रिकामं होतं ते आम्हाला बाहेरून कळत नाही. आठवडाभर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन आकडे लिहा: सकाळी थकवा किती, संध्याकाळी किती, शून्य ते दहा. त्या दिवशी जास्तीचं काय घडलं तेही एका शब्दात. "पाहुणे", "बँक", "जागरण" एवढं पुरे. सात दिवसांत आमच्या दहा प्रश्नांची उत्तरं त्यात मिळतात.

विश्रांती घ्यायची ती दमायच्या आधी. एक काम झालं की वीस ते तीस मिनिटं आडवं व्हायचं, टीव्ही बंद करून. टीव्हीसमोर पडून राहणं ही विश्रांती नव्हे, कारण आवाज आणि हलती चित्रं यांनीही मेंदू दमतो. दुपारची झोप तीन-साडेतीनच्या पुढे लांबली तर रात्रीच्या झोपेचं खोबरं होतं. भाजी निवडणं, कपड्यांच्या घड्या, दाढी ही कामं बसून करता येतात, आणि ती रुग्णाकडून काढून घेऊ नका. घरात आपला काही उपयोग उरला नाही असं वाटण्याने माणूस जास्त खचतो.

सगळ्यात फसवा असतो तो चांगला दिवस. जरा तरतरी वाटली की माणूस कपाट आवरतो, कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येतो, मग पुढचे दोन दिवस पलंगावर. चांगल्या दिवशीही नेहमीपेक्षा थोडंच जास्त करा.

भेटायला येणाऱ्यांबद्दल स्पष्टच लिहितो. लोक प्रेमाने येतात, फळं आणतात आणि दीड तास बसतात. ज्याला शब्द शोधून बोलावं लागतं त्याच्यासाठी चार जणांच्या गप्पा म्हणजे डोंगर चढणं आहे. एका वेळी दोघं, वीस मिनिटं, मग चहा दुसऱ्या खोलीत. वाईटपणा घ्यायला तुम्ही तयार नसाल तर आमचं नाव सांगा. "फिजिओवाल्यांनी सांगितलंय" म्हटलं की कुणी रागावत नाही.

थकवा आहे म्हणून व्यायाम बंद केला, तर स्नायू आणखी उतरतात आणि थकवा वाढतो. पाच मिनिटं चालणं जमत असेल तर आठवडाभर पाचच मिनिटं चाला, मग सहा-सात. आमची कसोटी सोपी आहे. आज केलेल्या व्यायामाचा शीण उद्या सकाळीही अंगात असेल, तर आज जास्त झालं.

मात्र प्रत्येक थकवा मेंदूच्या खात्यावर टाकू नका. हिमोग्लोबिन किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी असणं, थायरॉइडचा त्रास, रक्तातलं सोडियम किंवा साखर बिघडणं यांनीही माणूस असाच गळतो. तुमच्या डॉक्टरांना या तपासण्यांबद्दल विचारा. जोरात घोरत असतील आणि झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा वाटत असेल, तर तेही आवर्जून सांगा. फिट्सच्या, स्नायू सैल करणाऱ्या आणि काही बीपीच्या गोळ्यांनी सुस्ती येते. डॉक्टर वेळ किंवा मात्रा बदलून देतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. बॅक्लोफेनसारखी स्नायू सैल करणारी गोळी एकदम थांबवणं धोक्याचं असतं.

पक्षाघातानंतर साधारण तीनातल्या एकाला नैराश्य येतं. सतत रडू, खाण्यावरची वासना उडणं, "मी असून काय उपयोग" असं बोलणं दिसलं तर तो हट्ट किंवा नाटक समजू नका. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांशी बोला. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मोफत सेवेशी १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

दुखणं : आधी खांदा

लुळ्या हाताच्या बाजूचा खांदा दुखणं ही आमच्याकडची सगळ्यात मोठी तक्रार, आणि बऱ्याचदा टाळता येण्याजोगी. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. खोबण उथळ असते, चेंडू जागेवर राहतो तो भोवतीच्या स्नायूंच्या जोरावर. स्नायू लुळे पडले की अख्ख्या हाताचं वजन सांध्याला लोंबकळतं. साठ किलोच्या माणसाचा एक हात साधारण तीन किलोचा असतो. तीन किलोची पिशवी दिवसभर खांद्याला टांगून बघा. काही रुग्णांच्या खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट ठेवलं तर तिथे खळगा लागतो, बोटभर जागा झालेली असते.

त्यात आपण काय करतो? उठवताना तोच हात धरून ओढतो. मुलगा एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला, "चला बाबा, एक दोन तीन." किंवा काखेत हात घालून उचलतो. हे आजपासून बंद. उठवायचं असेल तर रुग्णाला आधी चांगल्या कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि पाठीमागून पाठीच्या फऱ्यावर तळहात ठेवून आधार द्या. उभं करताना कमरेला घट्ट बांधलेला रुंद पट्टा धरा. पट्टा नसेल तर जुनी सुती साडी चौपदरी घडी करून बांधली तरी चालते. पहिल्या भेटीत आम्ही हे घरातल्या दोघांकडून प्रत्यक्ष करून घेतो, नुसतं दाखवून जात नाही.

बसलेले असताना लुळा हात लोंबू देऊ नका. कोपर ते बोटं पूर्ण टेकतील अशी उशी मांडीवर किंवा खुर्चीच्या हातावर ठेवा. गळ्यात अडकवायची झोळी उभं राहताना, चालताना ठीक. दिवसभर ठेवली तर हात दुमडलेलाच आखडतो. शर्ट पुढून बटणांचा घ्या. घालताना लुळा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. छताला कप्पी टांगून दोरीने हात वर ओढायचा व्यायाम कुणी सुचवला तर करू नका, त्याने खांद्याचं दुखणं वाढतं.

हाताचा पंजा सुजला, लाल आणि गरम झाला, बोटांना हात लावू देत नाहीत, असं दिसलं तर पुढच्या भेटीची वाट न बघता फोन करा. हे लवकर धरलं तर आटोक्यात येतं.

आखडणं आणि जळजळ

काही आठवड्यांनी लुळी बाजू सैल राहण्याऐवजी ताठ व्हायला लागते. कोपर दुमडतं, मूठ वळते, पाऊल आत वळतं. ताठरपणा अचानक वाढला तर आधी कारण शोधा: बद्धकोष्ठ, लघवीचा संसर्ग, पायाचं मांसात रुतलेलं नख, टोचणारा बूट. शरीराला कुठेतरी त्रास होतोय आणि ते स्नायूंतून बोलतंय. रोजचे हळू ताण, गोळ्या आणि ठरावीक स्नायूंत ते सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन असे उपाय आहेत. शेवटचे दोन डॉक्टरांच्या हातचे.

आणखी एक दुखणं असतं, त्यावर घरच्यांचा विश्वासच बसत नाही. अंग भाजल्यासारखं जळतं, बर्फात ठेवल्यासारखं झोंबतं, पंख्याचा वारा किंवा चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. बाहेरून बघावं तर काहीच नाही. बिघाड मेंदूच्या संवेदना वाहणाऱ्या मार्गात झालेला असतो, दुखणं हातापायात जाणवतं. झटक्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी सुरू होतं. देजरीन आणि रूसी या फ्रेंच डॉक्टरांनी १९०६ साली याचं वर्णन करून ठेवलंय, तेव्हा "मनाचे खेळ" म्हणून ते उडवून लावू नका. यावर नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी वेगळी औषधं असतात, ती मेंदूविकारतज्ज्ञ लिहून देतात. घरी करायचं ते एवढंच की थंड वारा अंगावर येऊ देऊ नका, मऊ सुती, सैल कपडे वापरा आणि स्पर्श करण्याआधी सांगा.

ज्यांची वाचा गेली आहे ते यातलं काहीच सांगू शकत नाहीत. हात धुताना कपाळाला आठी पडते का, एका कुशीवर वळवलं की कण्हतात का, दुखरी बाजू सारखी धरून ठेवतात का, हे बघा.

गोळ्या, शेक, मालिश

मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन देऊ नका. बहुतेक रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी अॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असते. दोन्ही एकत्र झालं की पोटात रक्तस्राव व्हायची भीती, शिवाय बीपी वाढतं. साध्या दुखण्यावर पॅरासिटामॉल किती द्यायची तेही डॉक्टरांना विचारून.

गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेले रुग्ण आम्ही दरवर्षी बघतो. ज्या बाजूला संवेदना कमी आहे तिला चटका कळतच नाही. शेकायचंच असेल तर पिशवी टॉवेलात गुंडाळा, आधी आपल्या मनगटावर लावून बघा आणि दहा मिनिटांत काढा. हलक्या हाताने तेल लावायला आमची हरकत नाही. रगडणारे मालिशवाले नकोत. आणि पक्षाघातावरचा उपाय म्हणून कबुतराच्या रक्ताबद्दल कुणीतरी विचारतंच: त्याने काहीही होत नाही, पक्षी मात्र मरतो.

वाट न बघता दवाखाना गाठा

तोंड वाकडं होणं, एकाएकी हात किंवा पाय नव्याने लुळा पडणं, बोलणं अडखळणं, अचानक न दिसणं किंवा कधी नव्हे एवढं डोकं दुखणं यापैकी काहीही झालं तर १०८ ला फोन करा. लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. एका पायाची पोटरी सुजून दुखायला लागली तर ती चोळू नका, तिथे गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच दवाखाना.

आमच्या भेटींबद्दल

पहिली भेट तासाभराची, पुढच्या चाळीस मिनिटांच्या. रुग्ण थकलेला असेल तर आम्ही वीस मिनिटांत थांबतो आणि त्या दिवसाचे अर्धेच पैसे घेतो. त्यामुळे "पूर्ण वेळ करून घ्या" असा आग्रह नको. एका महिन्यात चालवून दाखवू असं आम्ही कुणालाच सांगत नाही. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, नंतरही ती चालू राहते, पण किती हे बघत बघतच कळतं.

पहिल्या भेटीला दवाखान्याची फाइल, चालू गोळ्यांची पाकिटं आणि रुग्ण रोज बसतो ती खुर्ची तयार ठेवा. रात्री त्याच्याजवळ झोपणारी व्यक्ती त्या वेळी घरी असावी. कॅलेंडर राहिलं तरी चालेल, गोळ्यांची पाकिटं तेवढी फेकू नका.